एकोणसाठ माणसांची खोली

सुधा न्हाऊन केस पुसत होती, तेवढ्यात खोलीत अकरा बायका शिरल्या. शिरल्या त्या शिरल्या, गाठोडी टेकवली, पाय पसरले, आणि त्यांतल्या सगळ्यांत थोरलीने सुधालाच विचारलं, "तू कोन शे वं बाई?"

सुधा म्हणाली, "मी इथं राहते."

थोरलीला ते पटलं. तिने सुधाला बसायला जागा करून दिली. सुधाच्याच खोलीत, सुधाच्याच सतरंजीवर. दुसरीने कोपऱ्यात निजलेल्या सुधाच्या धाकट्या मुलीला उचलून मांडीवर घेतलं, तिसरीने फळीवरचा मिठाचा डबा कुणाला न विचारता बरोबर काढला. सटाण्याकडच्या यात्रेकरू होत्या त्या. रामकुंडावर आंघोळी उरकून आल्या होत्या आणि आता भाकरी खाणार होत्या.

यात त्यांचा काही दोष नव्हता. घरच तसं होतं. पंचवटीतलं ढुंढिराजकाकांचं घर. काका तीर्थोपाध्याय. चार तालुक्यांतली माणसं गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आली की त्यांच्याकडे उतरायची. माडीवरची एक खोली काकांनी सुधाच्या नवऱ्याला, गोविंदाला, भाड्याने दिली होती, पण भाड्याने दिली म्हणजे आपण त्यात माणसं पाठवायची नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. खोलीला दार होतं, कडी नव्हती. गंगेकाठच्या घराला आतून कडी लावली तर आलेला माणूस परत जाईल, आणि परत गेलेला माणूस समोरच्या उपाध्यांकडे जाईल, असा काकांचा हिशेब.

एकदा तर एक म्हातारे गृहस्थ आले, पाटावर बसले, वरणभात जेवले, ताक मागून घेतलं, मुलींच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. गोविंदाला वाटलं, हे सुधाच्या माहेरचे. सुधाला वाटलं, हे गोविंदाचे मामा. दोघांनी त्यांना वाकून नमस्कार केला होता. ते कोण, हे त्या घरात आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बायका गेल्यावर सुधा म्हणाली, "मला आतून कडी लागेल असं दार पाहिजे."

गोविंद कोर्टात नकलनवीस होता. दिवसभर दुसऱ्याचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचं, त्यामुळे स्वतःचं असं वाक्य बोलायची त्याची सवय मोडली होती. तो म्हणाला, "दार पाहिजे."

"जमनाबाई शेठाणीच्या फंडाची नवी चाळ झालीय ना, त्र्यंबक दरवाज्याबाहेर? खोली, स्वैपाकघर आणि दाराला कडी. गरीब कुटुंबांनाच देतात. आपण गरीब आहोत की."

"आहोत," गोविंद म्हणाला. "पण तिथं नियम लय. नऊला दिवा मालवायचा. पाहुणा तीन रात्रींच्या वर नको. गॅलरीत पापड वाळत घालायचे नाहीत. इथं कसं, काका आपल्या घरच्यासारखे. भाडं नावाला. काकू लोणचं देतात."

"लोणचं देतात आणि मग ते खायला पंधरा माणसं पाठवतात. पुढच्या साली सिंहस्थ आहे, ठाऊक आहे ना? मागच्या सिंहस्थात या खोलीत बेचाळीस माणसं निजली होती. काकूंनीच सांगितलं. एक जण फळीवर निजला होता."

गोविंदाने फळीकडे पाहिलं. फळी दीड वीत रुंद होती. पण त्याला खोटं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फंडाच्या कचेरीतून छापील अर्ज आणला.

अर्ज सुधाने वाचला आणि पहिल्याच ओळीला थांबली. 'हा अर्ज सध्याच्या घरमालकाने स्वहस्ते भरून द्यावा.' भाडेकरू आपल्याबद्दल वाटेल ते लिहितात, असा फंडाचा अनुभव होता, म्हणून हा नियम.

"म्हणजे काकांना सांगावं लागणार, आम्ही चाललो म्हणून," सुधा म्हणाली.

काकांनी गोविंदाला कॉलऱ्याच्या साथीत उशाशी बसून पेज पाजली होती. अशा माणसाला तुमचं घर नको, असं कोण सांगणार? तो खाली गेला तेव्हा खरं बोलायचं ठरवूनच गेला होता. प्रत्यक्षात तो म्हणाला, "काका, परवा शिरगणती झाली ना, त्यात आमच्या घरचं काही राहिलं म्हणे. घरमालकाच्या हातचं लिहून मागितलंय."

वरचा मथळा त्याने अंगठ्याखाली धरला होता. तेवढी तसदी घ्यायची गरज नव्हती. काका छापलेलं काही वाचतच नसत. छापलेलं कोणीही वाचतो, असं त्यांचं मत. त्यांनी फक्त रिकाम्या रकान्याच्या कडेला बोट ठेवून विचारलं, "इथं काय लिहायचं?"

"कुटुंबातली माणसं."

"तुझ्या कुटुंबातली?" काकांचा चेहरा असा उजळला, जसं कुणी पुरणपोळीचं ताट पुढे ठेवलंय. "ठेव इथं. तीन दिवसांनी ये."

आता काकांचं काम काय होतं, ते समजून घेतलं पाहिजे. आलेल्या प्रत्येक यात्रेकरूचं नाव, गाव, बाप, आजा, पणजा असं सगळं त्यांच्या लांबलचक वह्यांत उतरलेलं असे. सात पिढ्यांच्या वह्या होत्या. पुलावरून माणूस येताना दिसला की काका त्याला त्याचा खापरपणजोबा सांगत, आणि असं म्हणतात की एकदा त्यांनी एका बैलाचाही सांगितला होता. गोविंदाचं घराणं मूळचं दिंडोरीचं, काकांचं पिढीजात यजमान. म्हणजे चार माणसांचा रकाना भरायला काकांनी कोणती वही काढली असेल, ते सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज परत दिला तो जाड पाकिटात, वर लाखेचं सील. गोविंदाचं सील फोडायचं धाडस झालं नाही. त्याने पाकीट फंडाच्या कचेरीत दिलं. पाकिटाच्या जाडीवरून त्याला वाटलं, काकांनी मोठी शिफारस केलीय.

आठ दिवसांनी फंडाचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. 'आपल्या अर्जात एका खोलीत एकोणसाठ माणसे राहत असल्याचे नमूद आहे. वाचून मंडळींना फार वाईट वाटले. गुरुवारी सकाळी आमचे इनायत मास्तर प्रत्यक्ष पाहणीस येतील. माहिती खोटी निघाल्यास पुढील पाच वर्षे आपला अर्ज घेतला जाणार नाही.'

सुधाने चिठ्ठी दोनदा वाचली आणि खाली जाऊन काकूंना, म्हणजे वत्सलाबाईंना, सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका मध्ये रात्रंदिवस लिहीत होते ते काय हो?"

"तुमचीच वंशावळ," वत्सलाबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. "तीन दिवस जेवायला उठले नाहीत. सरकारला आपली माणसं कळू देत, म्हणाले. पुरवण्या जोडल्यात."

सुधा वर आली. "सगळे मेलेले लिहिलेत," ती म्हणाली.

"अर्ज मागं घेऊ," गोविंद म्हणाला.

"आणि सिंहस्थ?"

मग सुधानेच ठरवलं. गुरुवारी गोविंदाने कोर्टात रजा टाकायची, पुढच्या दारात उभं राहायचं, मास्तर आले की त्यांना काकांच्या आधी गाठायचं आणि सगळं खरं सांगून टाकायचं. बेत चांगला होता. फक्त त्या घराला तीन दारं होती आणि तिन्ही उघडी होती. गोविंद पुढच्या दारात उभा राहिला आणि इनायत मास्तर गंगेकडच्या दाराने आत आले.

इनायत मास्तरांनी तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि पेन्शनीत गेल्यावर फंडाचं हे काम धरलं होतं. उंच, सडपातळ, डोक्याला काळी टोपी, काखेत रजिस्टर. शाळा सुटली तरी हजेरी सुटली नव्हती. चौकात उभे राहून त्यांनी पुरवण्या उलगडल्या, चष्मा लावला आणि कुणाला काही विचारायच्या आधी पहिलं नाव पुकारलं.

"बाबाजी नारोजी."

चौकात त्या वेळी घोटीकडची वीस-पंचवीस माणसं धोतरं वाळत घालत होती. एवढ्यांपैकी कोणीच बोललं नाही. बोलले ते ओसरीवरून काका.

"ते वारले."

"कधी?"

"पेशवाई बुडाली त्याच्या आदल्या साली. भाद्रपदात."

मास्तरांनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. मग शांतपणे पेन्सिल काढून नावावर रेघ मारली. "नारो बाबाजी."

"तेही गेले. पण सरकारनं माणूस पाठवला हे फार चांगलं केलं. बसा मास्तर. अगं, पाणी आण."

"बसून हजेरी होत नाही, पंडितजी. रखमाजी नारो?"

"वाघानं खाल्लं. पेठच्या रानात."

"पूर्ण?"

"मुंडासं परत आलं."

मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि रेघ मारली. "केशव रखमाजी."

"काशीला गेले."

"केव्हा येतील?"

"येणार नाहीत. जाऊन नव्वद वर्षं झाली."

एव्हाना धोतरं वाळत घालणारी मंडळी मास्तरांभोवती गोळा झाली होती. दर नावाला कोण कशाने गेला हे ऐकायला मिळत होतं, आणि असली करमणूक रोज कुठे असते. कोणी विहिरीत पडून गेला होता, कोणी भावाशी पैजेवर फणस खाऊन. काकांनी तर आता वहीच आणली होती आणि ते तिथी, वार, पक्ष सगळं सांगत होते. गोविंद आत धावत आला तेव्हा तिसरी पुरवणी चालली होती. त्याने मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला.

"मास्तर, जरा ऐकता का..."

"नाव पुकारल्याशिवाय बोलायचं नाही," मास्तर म्हणाले. गोविंद लगेच हात खाली सोडून उभा राहिला.

"सावळीराम गणपत."

"ते जिवंत आहेत," काका म्हणाले.

सगळ्या चौकात आनंद झाला. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. मास्तरही सरसावले. "कुठं आहेत? बोलवा."

"दिंडोरीला. याचे चुलते. गुडघे धरलेत, येत नाहीत."

मास्तरांनी जड हाताने सावळीरामावर रेघ मारली. अशा रेघा मारत मारत ते शेवटच्या नावाशी आले. "गोविंद भिकाजी."

"हजर," गोविंद म्हणाला.

मास्तरांनी पानं उलटून पाहिली. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "एकोणसाठातला एक राहिला," ते म्हणाले. "फंड एकट्या पुरुषाला खोली देत नाही."

"खोली?" काका म्हणाले.

पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारण जिन्यावरून सुधा खाली आली होती. धाकटी कडेवर, थोरली पदराला धरून. ती मास्तरांच्या समोर उभी राहिली. "मी आहे ना. आणि या दोघी."

मास्तरांनी पुन्हा पानं पाहिली. "तुमचं नाव यात नाही, ताई. मुलींचंही नाही. पंडितजी, पाचच बायका दिसतात पूर्ण कागदात."

"त्या पाच जणी स्वतः यात्रेला आल्या होत्या," काका म्हणाले. "बाकी लेकीसुना कशाला लिहायच्या? त्या धरूनच असतात."

स्वैपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. त्या घरात तो आवाज सहसा थांबत नसे, म्हणून घोटीच्या मंडळींनीही तिकडे पाहिलं. दारात वत्सलाबाई उभ्या होत्या. हातात पळी.

"पण खोली कसली?" काकांनी पुन्हा विचारलं. "हे शिरगणतीचं आहे ना? गोविंदा?"

गोविंदाने मान खाली घातली. सांगितलं ते सुधाने. कडी, दार, चाळ, फंड, सगळं. सांगताना तिने काकांच्या डोळ्यांत पाहिलं आणि एकदाही आवाज चढवला नाही.

काकांनी वही मिटली. एवढा मोठा माणूस, ओसरीच्या कडेला बसला तेव्हा एकदम लहान दिसायला लागला. "माझ्या घरात तुम्हाला काय कमी पडलं, सूनबाई?"

"कमी काहीच नाही, काका. जास्त होतंय."

"मी कधी परकं मानलं तुम्हाला?"

"नाही मानलंत. तुम्ही कुणालाच परकं मानत नाही. म्हणून त्या दिवशी माझ्या खोलीत अकरा जणी आल्या आणि मला म्हणाल्या, तू कोण. दोन मुली आहेत मला. उद्या मोठ्या होतील. त्यांना कपडे बदलायला चार भिंती आणि एक कडी, एवढंच पाहिजे. मला इथून जायचंच होतं असं नाही. तुम्ही कडी बसवली असती तर राहिले असते."

काका काही बोलणार होते. पण तेवढ्यात गंगेकडच्या दाराने ओल्या कपड्यांतली पाच माणसं आली, गोविंदाला बाजूला सारून, मास्तरांच्या रजिस्टरवर पाणी सांडत, सरळ जिना चढून सुधाच्या खोलीत गेली. वरून कोणीतरी विचारलं, "इथं साखर कुठं असती?"

काकांनी जिन्याकडे पाहिलं. या घरात ते जन्मले होते, पण जिन्याकडे असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"आता काय करता येतं, मास्तर?" त्यांनी विचारलं.

"घरमालकाच्या हातचं असेल तेच आम्ही धरतो," मास्तर म्हणाले. "तुम्ही लिहिलंत तर या आहेत. नाही लिहिलंत तर नाहीत. आणि नसल्या, तर कागद खोटा. पाच वर्षं."

म्हणजे आता सगळं काकांच्या बोटांत आलं. नाव लिहिलं तर सूनबाई जाणार. दोन्ही मुली जाणार, ज्यांतली धाकटी रोज सकाळी त्यांच्या पूजेतला खडीसाखरेचा खडा पळवायची. नाही लिहिलं तर कोणी कुठे जाणार नव्हतं. काका बोरू हातात धरून बसून राहिले. शाई वाळली. पुन्हा बुडवला, पुन्हा वाळली.

"लिहा," वत्सलाबाई दारातून म्हणाल्या.

काकांनी लिहिलं. सुधा. मग मुलींची नावं, खाली तिथीसुद्धा घातली. मास्तरांनी ते पाहिलं, ओल्या शाईवर वाळू टाकली, आणि रजिस्टर मिटण्याआधी कितीतरी वेळ त्या रेघा मारलेल्या पानांकडे बघत राहिले.

"अकरा वर्षं हे काम करतोय, पंडितजी," ते म्हणाले. "लोक शेजाऱ्यांची पोरं उसनी आणून उभी करतात. एकानं तर सासू भाड्यानं आणली होती. माणसं लपवणारे पाहिले, वाढवणारे पाहिले. पण गेलेल्या माणसाचा महिना आणि वारसुद्धा खरा सांगणारा पहिलाच भेटला. हा कागद मी नाकारला तर मला झोप येणार नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला किल्ली घेऊन जा, ताई."

सुधाला रडू आलं. गोविंदालाही आलं, पण ते सुधाचं पाहून. काका म्हणाले, "सामान न्यायला टांगा मी सांगतो," आणि तिकडे तोंड फिरवून उपरण्याने चष्मा पुसायला लागले. काका चष्मा वापरत नसत. ओसरीवर काढून ठेवलेला तो चष्मा मास्तरांचा होता.

मास्तरांनी आपला चष्मा परत घेतला, सरबत घेतलं, आणि निघाले. दारापर्यंत पोचले तेव्हा वत्सलाबाई मागून म्हणाल्या, "मास्तर, असला कोरा कागद आणखी एक असंल तर ठेवून जा."

"कुणासाठी, बहेनजी?"

"मला."

काका हसले. हसून झाल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि हसल्याचं त्यांना वाईट वाटलं. वत्सलाबाईंचा चेहरा नेहमीसारखाच होता. पदराला हात पुसून त्यांनी मास्तरांकडून कागद घेतला, ओसरीवर काकांच्या पुढ्यात ठेवला आणि तांदळाचं सूप घेऊन समोर बसल्या.

"घरमालकानं भरायचा आहे ना," त्या म्हणाल्या. "भरा."

"अगं, पण फंड एकट्या बाईला देतो का?"

"ते फंड बघंल. तुम्ही आपलं लिहा. नाव एकच लिहायचं. तुमच्याकडचं कुणी घालायचं नाही."

घोटीची मंडळी जायला निघाली होती, ती पुन्हा बसली. काकांनी बोरू बुडवला. 'वत्सला' एवढं लिहिलं. छापलेला मजकूर असूनही खालचा रकाना त्यांनी वाचला, जन्मात पहिल्यांदा. 'विवाहित स्त्री असल्यास माहेरचे नाव.'

बोरू थांबला. काकांनी वर आढ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले. चार तालुक्यांच्या सात सात पिढ्या त्यांच्या जिभेवर होत्या. फणसाने गेलेला माणूस ठाऊक होता, वाघाने ठेवलेलं मुंडासं ठाऊक होतं. सासऱ्यांचं नाव ठाऊक होतं, गाव ठाऊक होतं. लग्नात हिच्या कानात नवं नाव सांगितलं, तेव्हा ही नऊ वर्षांची होती आणि हिरवं परकर-पोलकं नेसली होती, तेही आठवलं. त्याच्या आधीचं काही आठवेना.

शेवटी ते खाली वाकून, मास्तरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "अगं, माहेरी तुला काय म्हणायचे?"

वत्सलाबाईंनी सुपातला एक खडा शोधून काढला, नीट पाहिला आणि बाहेर टाकला.

"आठवून बघा," त्या म्हणाल्या. "सिंहस्थाला अजून वर्ष आहे."